बाजेसकट घर

नीलाक्का फार मायाळू होती असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. मी तिच्या शेजारी राहिलेली बाई आहे. माया तिच्या अंगात किती होती ते मला ठाऊक नाही. तिनं ती कधी बाहेर काढली नाही. तोंड मात्र रोज काढायची, आणि त्या तोंडापुढं भलेभले पाटील-कुलकर्णी गल्ली बदलून जायचे.

परवा आमच्या दारात एक मुलगी आली. कुठल्याशा संस्थेची होती. मला म्हणाली, "आजी, घरात कुणी वयस्कर आहे का?" मी म्हटलं, "दिसत नाही का?" ती गोड हसली. म्हणाली, तुमची काळजी घेणाऱ्यांसाठी आम्ही मार्गदर्शन करतो. माझी सून आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "मार्गदर्शन असू द्या. दुपारी तास-दोन तास यांच्यापाशी बसायला कुणी मिळेल का? मला जरा पाठ टेकता येईल." मुलगी म्हणाली, तशी सोय अजून नाही. मग तिनं एक छापील कागद दिला आणि शेजारच्या दारात गेली. सुनेनं तो कागद डब्याखाली अंथरला.

मला नीलाक्का आठवली ती तेव्हा. तिलाही आधी सगळ्यांनी मार्गदर्शनच केलं होतं.

मी लग्न होऊन संतपूरला आले तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. माझी उदगीरला चौथी झाली होती, म्हणून गावात मी शिकलेली. त्याचा उपयोग एवढाच, की काही चुकलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "चार बुकं शिकलीस अन् भाकर वाकडीच." आमच्या भिंतीला भिंत लावून नीलाक्काचं घर. बाजाराच्या वाटेवरचं, पुढं रुंद ओटा असलेलं, दगडी. ती लिंगायताची. नवरा तापात गेलेला, पोटी काही नाही. घरात ती आणि तिची सासू बसम्मा.

बसम्माला लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. डोळे मात्र शाबूत, आणि ते सारखे सुनेमागं फिरायचे. ही बसम्मा धडधाकट होती तेव्हा तिनं नीलाक्काला काय काय केलं ते गावाला पाठ होतं. दळण निवडताना खडा राहिला म्हणून उन्हात उभं करायची. पाण्याला गेली तर दारात बसून वाट मोजायची. आता ती बाजेवर होती आणि नीलाक्का तिचं सगळं करत होती, आणि करताना दोघी एकमेकींना कानडीत शिव्या देत होत्या. बसम्माच्या शिव्या फक्त नीलाक्कालाच समजायच्या. त्यामुळं आम्हाला भांडणाची एकच बाजू ऐकू यायची.

"काय म्हणायल्यात गं?" मी भिंतीवरून विचारायची.

"आंबील थंड हाय म्हणायलीय. तोंड गेलं, चव गेली न्हाई."

गाव म्हणायचं, काय सेवा करते बाई! नीलाक्का म्हणायची, "सेवा कशाची? मी छप्पर शाकारायले."

ते खरंच तसं होतं. ते घर बसम्माला तिच्या माहेरून मिळालेलं. धाकटा मुलगा शरणप्पा औरादला कापडाचं दुकान चालवत होता, आणि बाजाराच्या वाटेवरच्या त्या ओट्यावर त्याचा केव्हापासून डोळा होता. आई होती तोवर त्याला काही बोलता येत नव्हतं. सणासुदीला यायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा, उपरण्यानं नाक धरायचा आणि विचारायचा, "अव्वा कशी हाय, वैनी?" मग छताकडं बघायचा. वासे मोजल्यासारखं. जाताना म्हणायचा, "अव्वाचं सगळं झाल्यावर घराचं बघू. तुम्ही माहेरी जा निवांत." नीलाक्काच्या माहेरी कुणी उरलंच नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं.

"ती हाय तोवर मी हाय," नीलाक्का मला सांगायची. अगदी सरळ, पीठ चाळता चाळता. "ती गेली की मी ओट्याखाली. म्हणून जगवायले तिला. कळलं का, उदगीरवाले?"

मला सगळं गाव नावानं हाक मारायचं. ती एकटी उदगीरवाली म्हणायची.

पण जगवणं सोपं नव्हतं. शेताचा तुकडा होता, तिकडं जायला हवं. पाणी, सरपण, दळण. आणि बसम्माला दिवसातून कितीदा तरी या कुशीवरून त्या कुशीवर करायला लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. एकटीनं वळवायची म्हणजे जड काम. बसम्मा आजारानं वाळली नव्हती. नीलाक्का तिला वाळू देत नव्हती.

मग नीलाक्का मदत मागायला निघाली. आधी मठात गेली. स्वामींनी शांतपणे ऐकलं, इभूत दिली, आणि सासू हीच दैवत असं समजून सेवा करावी असं सांगितलं. मग गाडी जुंपून बिदरला हकिमाकडं. हकिमानं तेल दिलं आणि म्हणाला, दवा कमी, खिदमत ज्यादा, म्हणजे औषधापेक्षा सेवाच जास्त. नीलाक्का म्हणाली, "खिदमत कुठं मिळती?" हकीमसाहेब हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करतेय. मग ती पाटलाकडं गेली. पाटील म्हणाले, तुझ्यासारखी सून गावाला भूषण आहे. त्यांनी चार लोकांत तिची वाहवा केली, आणि त्या चार लोकांनी माना हलवल्या.

परत आली ती ओट्यावर धप्पदिशी बसली. म्हणाली, "सगळ्यांनी मला काय करावं ते सांगितले. करायला कुणी आलं न्हाई."

पुढचं घडलं ते काही ठरवून घडलं नाही. एकदा आमची चूल विझली म्हणून मी तिच्याकडं विस्तव मागायला गेले. ती बसम्माला एकटीच लोटत होती. मला म्हणाली, "बघत काय उभारलीस? धर पाय." मी पाय धरले, तिनं खांदा धरला, म्हातारी वळली. पाठ पुसली, करडीचं तेल लावलं, वाकळ बदलली. या सगळ्यात माझा विस्तव राहिला आणि उशीर झाला. घरी आत्याबाई दारातच उभ्या.

"विस्तव आणायला बिदरला गेलतीस व्हय?"

मी म्हटलं, बसम्माची पाठ पुसत होते. आत्याबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आजारी म्हाताऱ्या माणसाची सेवा करणाऱ्या सुनेला काय बोलणार? देवाधर्माचं काम. त्या आत गेल्या आणि माझ्याऐवजी मांजरावर ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी नीलाक्कानं विचारलं, "तुझी सासू काय म्हणाली गं?"

"काहीच न्हाई म्हणल्या."

"काहीच?"

"मांजराला म्हणल्या."

नीलाक्का हातातलं सूप खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

मग एके दिवशी सकाळी, विहिरीवर सगळ्या बाया असताना, ती मोठ्यानं म्हणाली, "उदगीरवालीच्या सासूचं मन लई मोठं बाई. सुनेला पुण्याच्या कामाला पाठवती. दुसऱ्या कुणाचं यवढं काळीज न्हाई गावात." एवढं बोलून घागर उचलून निघून गेली.

आठवडा सरायच्या आत गावातल्या सासवांना काळीज फुटलं. एकीनं पाठवली म्हणून दुसरीनं. आमच्याकडं गरिबाचं पोर शिकायला तालुक्याला गेलं की वार लावून जेवतं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. नीलाक्कानं तेच केलं, फक्त जेवणाच्या जागी सुना लावल्या. सोमवार माझा. मंगळवार पाटलाच्या कमळचा. असे सगळे वार भरले. जेवणाला हात लावायचा नाही, चुलीपाशी जायचं नाही, ते तिच्या जातीचं सोवळं. पाठीला मात्र कुणीही हात लावावा. "भाकरीला जात असती, पाठीला नसती," म्हणायची. आणि सुना आल्या की ती स्वतः शेतात जायची, नाहीतर ओट्यावर पडून घोरायची.

आता तिच्या घरात काय चालायचं ते सांगते. त्या काळी सुनेला घरातून निघायला कारण लागायचं. विहीर, शेत, देऊळ, एवढंच. आणि तिथंही कुणीतरी सोबत. बसम्माची बाज ही गावात एकच जागा होती, जिथं सून जाऊन बसली तर सासूला अभिमान वाटायचा. आम्ही म्हातारीला वळवायचो, पुसायचो, वाकळ बदलायचो, आणि मग मनसोक्त बोलायचो. कुणाच्या सासूनं गूळ कुलपात ठेवला. कुणाचा नवरा आईच्या पदरातून बाहेर येईना. कमळ तर यायची आणि काम झालं की सरळ भिंतीला टेकून झोपायची. पाटलाच्या घरात तिला झोपच मिळत नव्हती.

बसम्मा सगळं ऐकायची. जन्मभर जिनं सुनेला छळलं, ती आता गावातल्या सगळ्या सुनांची गाऱ्हाणी ऐकत पडलेली, आणि तिला मजा यायची हे तुम्हाला खोटं वाटेल. गुळाची गोष्ट ऐकून ती अर्ध्या तोंडानं खदखदून हसली होती. नीलाक्कानं नुकतीच पाजलेली आंबील नाकातून आली. नीलाक्का ओट्यावरून ओरडली, "हसायलीस? तूच शिकवलीस की सगळ्या गावाला!" त्या वर्षात म्हातारीची तब्येत सुधारली. वार सुरू झाल्यापासून तिला दिवस कधी उगवतो असं व्हायचं. एखादीला उशीर झाला तर डाव्या हातानं बाज बडवायची.

नीलाक्काचे नियम होते. रडायचं असेल तर लवकर रडून घ्यायचं, दुसरीची पाळी यायची असते. इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आणि तिला कुणी सेवाभावी म्हणायचं नाही, तिला त्या शब्दानं ओकारी यायची.

एका मंगळवारी पाटलीणबाई न सांगता आल्या. गावात त्यांचा दरारा होता. सून म्हाताऱ्या बाईची काय सेवा करते ते बघावं म्हणून आल्या असतील, किंवा कुणीतरी कानात काही घातलं असेल. मी भिंतीपलीकडून त्यांना ओटा चढताना बघितलं आणि विस्तवाचं निमित्त करून मागच्या दारानं आत शिरले. कमळ भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून झोपली होती. मी आणि नीलाक्का तिला हलवणार तेवढ्यात पाटलीणबाई आत.

पण आधी बसम्मानं आवाज काढला. असा मोठा की गोठ्यातलं वासरू उठलं. पाटलीणबाई दचकून बाजेपाशी गेल्या, आणि बसम्मानं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. ती पकड सुटत नाही हे आम्हाला माहीत होतं. पाटलीणबाईंना बाजेच्या कडेला बसावं लागलं, कमळकडं पाठ करून.

बसम्मा बोलू लागली. लांबच लांब. वाकड्या तोंडातून घरघर, फुसफुस, मधेच एखादा शब्द. मानेनं कमळकडं दाखवायची, पाटलीणबाईंकडं दाखवायची. पाटलीणबाई घाबरून म्हणाल्या, "काय म्हणायलीय ही?"

नीलाक्का शांतपणे म्हणाली, "तुमच्या सुनेचा हात हलका हाय म्हणायलीय."

"यवढं लांब बोलली, अन् यवढाच अर्थ?"

"जीभ वाकडी हाय, पाटलीणबाई. बोलणं वळसा घालून यायलंय."

कमळ एव्हाना जागी होऊन खांब धरून उभी होती. मी तिच्या हातात तेलाची वाटी दिली. बसम्मा खरं काय म्हणाली ते मी नंतर विचारलं. नीलाक्का म्हणाली, "म्हणली, पोरगी झोपलीय, झोपू द्या, तुझ्या घरात तिचे डोळे मिटत न्हाईत. आन् पाटलीणबाईला लई शिव्या दिली." मग म्हणाली, "माझ्यावर तिचे डोळे मिटले न्हाईत कधी. ही अक्कल आता आली, तोंड गेल्यावर."

त्या दिवशी पाटलीणबाई निघताना ओट्यावर घुटमळल्या. कमरेला हात लावून म्हणाल्या, "नीला, मला पण आता ही कंबर उठू देईना. उद्या मी पडले तर?"

"सून हाय की तुमची."

पाटलीणबाई पायरी उतरू लागल्या. नीलाक्का म्हणाली, "तिला आत्ता झोपू द्या. मग जागंल तुमच्यापाशी."

पाटलीणबाई रागावून गेल्या. पण मंगळवार बंद झाला नाही. उलट पुढं त्या कधी कधी स्वतः येऊन बसायच्या, आणि बसम्मा त्यांचं मनगट धरायची, आणि दोघी उघड्या दारातून बाजाराच्या वाटेकडं बघत राहायच्या.

मग ते गडबडीचं साल आलं. त्याबद्दल मोठी माणसं पुष्कळ लिहितात, मी माझ्या गल्लीपुरतं सांगते. पाऊसकाळ होता. आज रझाकार या गावावर आले, उद्या त्या गावावर येणार, अशा बातम्या. एकेक घर गाडी जुंपून निघालं. कुणी नात्यात, कुणी निजामाच्या सरहद्दीपलीकडं. गाडीत पोरं, भांडी, दाण्याची पोती, शेळ्या. म्हाताऱ्यांना सगळ्यांनी एकच सांगितलं, तुम्हाला कोण काय करणार, तुम्ही घर राखा. आमच्या आत्याबाई हुशार, त्या सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या. पाटलीणबाईंना कमरेमुळं गाडी झेपत नव्हती. कमळ त्यांच्यासाठी थांबली का, असं लोक मला विचारतात. नाही थांबली. तिच्या कडेवर लहान पोर होतं. तिनं सासूला नीलाक्काच्या ओट्यावर आणून बसवलं, पाया पडली आणि गाडीत चढली.

आम्ही निघालो तेव्हा त्या ओट्यावर गावातले सगळे म्हातारे येऊन बसले होते. नीलाक्का त्यांना ओरडत होती, "एका जागी बसा! मला मोजायला नका लावू!"

परत आलो तोवर हिंदुस्थानची फौज येऊन गेली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, आणि बसम्मा मेली होती.

नीलाक्कानं मला सांगितलं ते असं. सकाळी आंबील पाजायला गेली तर म्हातारी गार. आधी तिनं बाजेला लाथ मारली. "फसवलीस की गं," म्हणाली. मग पुढचं. आता लिंगायताचं माणूस बसवून पुरतात, मांडी घालून. गावात होते कोण? ओट्यावरच्यांतले चालतेफिरते असे खोकणारे दोन म्हातारे, पाटलीणबाई आणि गल्लीच्या टोकाला पिंजाऱ्याचं घर. पिंजाऱ्याच्या मौलानं खड्डा खणला. म्हाताऱ्यांनी मंत्र आठवतील तेवढे म्हटले. पण लकव्यानं आखडलेलं ते अंग. उजवा पाय वाकेचना.

"जन्मभर मला बसू दिली न्हाई," नीलाक्का म्हणाली, "आता स्वतः बसंना. मी आन् पाटलीणबाई दोघी खड्ड्यात उतरलो. त्या कमरेला धरून रडायल्या, मी पाय दाबायले. शेवटी तिच्या कानात म्हणले, अत्ती, बस. तुझ्या सुना यायच्यात. तवा बसली."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती पीठ चाळत होती.

पण बसम्माची बाज रिकामी नव्हती. फौज आल्यावर पळायची पाळी दुसऱ्यांची आली. मौला पिंजारी बायकापोरं घेऊन गेला, कुठं ते कुणाला माहीत नाही. त्याची आई हुसेनबी चालता येत नाही म्हणून मागं राहिली. त्यालाही गाडीत जागा नव्हती. आधी हे पळाले, मग ते पळाले. म्हातारे दोन्ही वेळा मागंच. नीलाक्कानं हुसेनबीला पाठीवर घालून आणलं आणि बसम्माच्या बाजेवर टाकलं.

गावात कुजबुज झाली. लिंगायताच्या घरात, सासूच्या बाजेवर! कुणीतरी येऊन बोललं. नीलाक्का म्हणाली, "बसम्माला चालत नसंल तर तिनं येऊन सांगावं."

हुसेनबी बाजेवर पडल्या पडल्या म्हणायची, "मेरेकु छोड दे अम्मा, लोगां तेरेकु बोलतंय." नीलाक्का म्हणायची, "चुप पड. दूध पी."

आम्ही आलो तसे वार पुन्हा सुरू झाले. सोमवार माझा. आत्याबाईंनी आधी नाक मुरडलं, पण नाही म्हणाल्या नाहीत, कारण आता त्यांचेही गुडघे धरले होते आणि त्या मनातल्या मनात हिशेब करत असाव्यात.

आणि मग, ज्याची सगळ्यांना भीती होती तो आला. शरणप्पा. आईच्या मरणाची बातमी औरादला पोचायला रस्ते बंद होते, रस्ते उघडले आणि तो गाडी घेऊन आला. सोबत सुतार होता, दाराचं माप घ्यायला. सोमवारच होता म्हणून मी तिथं होते. नीलाक्का कुठं जाणार? बाजेवरची कुठं जाणार?

शरणप्पा ओट्यावर उभा राहून म्हणाला, "अव्वाचं मला कळवायला पायजे होतं, वैनी."

"कुणाच्या हातानं कळवू? गावात कुत्री होती फक्त."

"बरं. झालं ते झालं. आता घराचं—"

"तुझंच हाय की घर. घे." नीलाक्का बाजूला झाली. "ये आत. सुताराला बी बोलव."

मी तिच्याकडं बघतच राहिले. शरणप्पालाही ते अपेक्षित नसावं. तो आत आला. बाजेवर हुसेनबी, भिंतीपाशी पाटलीणबाई पाय पसरून बसलेल्या, कोपऱ्यात खोकणारे दोघे. त्यानं उपरणं नाकाशी नेलं.

"ही कोण?"

"अव्वाच्या बाजेवरची. बरं झालं आलास, हिला वळवायची येळ झाली. धर पाय."

"वैनी, मी घराचं बोलायला—"

"घराचंच सांगायले. धर म्हणते न्हवं!"

तिचा तो आवाज असा होता, की त्यानं उपरणं सोडून हुसेनबीचे पाय धरले. मी खांदा धरला. म्हातारी वळली. "अल्ला तेरा भला करे बेटा," ती म्हणाली.

नीलाक्का सांगू लागली, अगदी सावकाश, जसं शेत दुसऱ्याला करायला देताना सांगतात तसं. "हे सगळं घराबरोबर तुझं. सकाळी आंबील, पातळ. हिची पाठ तेलानं, चोळायची न्हाई, नुसती पुसायची. या दोघांना रातचं गरम पाणी. पाटलीणबाई दुपारच्याला येतात, त्यांना लोड लागतो. तुझ्या बायकोला घेऊन ये उद्या, तिला सगळं दाखवून मग मी जाते. कुठं जाते ते विचारू नको, तुला काय करायचंय."

शरणप्पा पाटलीणबाईंकडं बघून म्हणाला, "यांना त्यांच्या घरी पाठवून द्या की. आन् हिला... सरकार आता नवं हाय, सरकार बघंल."

पाटलीणबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले. म्हणाल्या, "तुझी आई मी खड्ड्यात बसवली, शरण्या. तू मला दार दाखव."

सुतारानं मापाची दोरी गुंडाळून खिशात घातली. शरणप्पानं बाहेर जाऊन हात धुतले. दोनदा धुतले.

"मग बघू," म्हणाला आणि गाडीत बसला.

नीलाक्का दारात उभी राहून ओरडली, "उद्या बायकोला आण! वाट बघायले!"

तो उद्या आला नाही, त्या महिन्यात आला नाही. मी विचारलं, "खरंच दिली असतीस का घर?" म्हणाली, "दिली असते. मला एकटीला हाकलणं सोपं होतं. आता बाजेसकट घेणार कोण?" आणि ओट्यावर आडवी होऊन घोरायला लागली.

नंतर माझ्या नवऱ्यानं बिदरला दुकानात नोकरी धरली आणि आम्ही संतपूर सोडलं. निघायच्या दिवशी मी नीलाक्काला सांगायला जाणार, तेवढ्यात बाजाराच्या वाटेनं शरणप्पाची गाडी आली. आमच्या गाडीवानानं बैल थांबवले. मला वाटलं, झालं, आता सुरू होणार.

शरणप्पा खाली उतरला. गाडीच्या मागून त्यानं एका म्हाताऱ्याला उतरवलं. पांढरी धोतरजोडी, डोक्याला रुमाल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याचा सासरा होता. त्यानं त्याला धरून ओट्याच्या पायरीवर बसवलं, सारखं इकडं तिकडं बघत, कुणी बघत नाही ना अशा रीतीनं.

"चार दिवस ठेवून घ्या, वैनी," तो जमिनीकडं बघून म्हणाला. "हिच्या अंगावर लहान पोर हाय. घरी कुणी बसायला न्हाई."

नीलाक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं म्हाताऱ्याकडं वरून खालून बघितलं. त्याच्या तोंडापुढं हात हलवला. डोळे हलले नाहीत.

"वाकळ आणलास का त्याची?"

"न्हाई."

"जा, घेऊन ये. आन् बायकोला सांग, तिचा गुरुवार."